एका परातीतली सोयरीक

पंचवीसेक वर्षं मी लोकांना जेवायला घातलं. पोळीभाजीचे डबे दिले, बारशांना जिलबी-मठ्ठा केला, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसाठी पातेलीच्या पातेली भेळ कालवली. त्याबद्दल मला आजवर कुणी एका शब्दानं विचारलेलं नाही. विचारतात ते मधल्या चारेक वर्षांबद्दल. "काकू, तुम्ही म्हणे मीरा रोडला स्पॅनिश हॉटेलात होतात?" आणि विचारताना माझ्या सुती साडीकडे असं बघतात, की ही बाई एकतर थापा मारतेय किंवा तिथे भांडी घासत असणार. होते बाई, स्वयंपाकालाच होते. आता ऐका.

गिरगावातली खोली विकून आम्ही मीरा रोडला ब्लॉक घेतला तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आमचे हे कारकुनीतून लवकर निवृत्त झाले होते आणि घरात बसून मला स्वयंपाक शिकवू लागले होते. त्यापेक्षा बाहेर पडलेलं बरं म्हणून मी डबे सुरू केले. त्यातला एक डबा जायचा रॉनीकडे. रॉनी उत्तनचा, किरिस्ताव, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. आधी बोटीवर कूक होता, मग बरीच वर्षं स्पेनमधल्या कुठल्याशा बंदराच्या गावी एका खानावळीत. तिथून परत येताना माणसं सोनं आणतात, सेंट आणतात. यानं लोखंडी परात आणली. चांगली हात पसरून धरावी लागेल एवढी रुंद, उथळ आणि दोन कानांची.

एक दिवस डबा परत करताना तो म्हणाला, "आंटी, वालाची उसळ तूच केली ना? भात पण तुझाच? मग माझ्याकडे ये."

"कशाला?"

"हॉटेल काढतोय. स्पॅनिश."

"इथं?" मी म्हटलं. आमच्या गल्लीत एका बाजूला दाताचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला मोबाइल रिचार्जवाला आणि वर दहावीचे क्लास. "डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलाय," तो म्हणाला. माणूस खरं बोलतो, एवढ्यावर मी नोकरी धरली.

आता धंदा काय होता ते सांगते. स्पॅनिश जेवणात दोन गोष्टी. एक तापास. म्हणजे लहान लहान बश्या. एकीत लसणीतली चार कोळंबी, एकीत बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, एकीत तळलेल्या बटाट्यावर तिखट लाल चटणी, एकीत ऑलिव्ह. चार जणांनी दहा बश्या मागवायच्या आणि गप्पा मारत सगळ्यांतलं थोडं थोडं खायचं. आपल्याकडे पुरुष मंडळी बसली की चकणा असतो ना, तोच. फक्त इथे त्याला मान आहे आणि बायका-पोरांसमोर खाता येतो. हे लोकांना पटवून देताना माझ्या नाकी नऊ आले. बशी ठेवली की माणूस ती चारही कोळंबी तोंडात टाकायचा आणि म्हणायचा, "चव चांगली आहे, आणा आता प्लेट." नवघरच्या एका विमा एजंटानं तर बश्या मागवून मागवून शेवटी विचारलं, "सॅम्पल झाले, जेवण कधी?"

दारूचं लायसन्स नव्हतं. स्पेनमध्ये लाल वाइनमध्ये फळं कापून घालतात, तिला सांग्रिया म्हणतात. रॉनीनं कोकमाच्या आगळात द्राक्षाचा रस, संत्र्याच्या फोडी आणि दालचिनी घालून तशीच दिसणारी काढली आणि काचेच्या उंच भांड्यातून द्यायला लागला. त्याच विमा एजंटानं तीन ग्लास प्यायले, साहेबाला फोन लावला आणि वर्षभराचं साठलेलं सगळं सुनावलं. नंतर मी सांगितलं, "भाऊ, कोकम होतं ते." माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. पण दुसऱ्या आठवड्यात परत आला आणि म्हणाला, तेच द्या, साहेब आता नीट बोलतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पाएला. हा परातीतला भात. आधी तेलात कांदा-टोमॅटो अगदी मेणासारखा होईपर्यंत परतायचा, मग तांदूळ, मग केशराचा कढत रस्सा. तिकडचा तांदूळ इकडे कुठून मिळणार? मी आमच्या रोह्याकडचा जाडा तांदूळ आणवला. तो रस्सा पितो पण मोडत नाही. आणि मग काय करायचं? काही नाही! ढवळायचं नाही, झाकायचं नाही, नुसतं बघत राहायचं. जन्मभर भाताला झाकण घालणाऱ्या बाईला सांगतात, हात बांधून उभी राहा. पहिल्या महिन्यात मी दर वेळी गुपचूप झाकण ठेवायचे आणि रॉनी किंचाळायचा, "आंटी, तू झाकण ठेवशील तर मी नोकरी सोडीन!"

"अरे मेल्या, मालक तू आहेस."

"मालकी सोडीन!"

शेवटी आच वाढवायची. भात तळाशी तडतडायला लागतो, खरपूस वास सुटतो, की बंद. तळाला जी तांबूस खरवड धरते ती पाएलातली सगळ्यात मानाची. स्पेनमध्ये म्हणे तिच्यावरून घरात भांडणं होतात. आमच्याकडे सुरुवातीला लोक परात उलटी करून दाखवायचे, "जळालंय हो." नया नगरहून आम्हाला कोंबडी पुरवणारे हमीदभाई एकदा चव घेऊन गंभीरपणे म्हणाले, "आपा, बुरा मत मानना, लेकिन इस बिर्यानी के साथ हादसा हुआ है." पण नंतर घोडबंदर रोडनं कुठे जायचं असलं की वाट वाकडी करून यायचे आणि तोच हादसा बांधून न्यायचे.

आणि रॉनीचा एक नियम होता, तो या सगळ्यांवर कडी होता. पाएला ताटात वाढायचा नाही. परात टेबलाच्या मधोमध आणि सगळ्यांनी चमच्यानं त्यातूनच खायचं. तिकडे तसंच खातात म्हणे. आपल्या समोरच्या कडेपासून खात मधे यायचं, दुसऱ्याच्या वाट्यात चमचा न्यायचा नाही. मी त्याला म्हटलं, "बाबा रे, हा उष्ट्याखरकट्याचा मुलूख आहे. इथे बायको नवऱ्याच्या ताटात जेवते, पण सासऱ्याच्या चमच्याला चमचा लागला तर भूकंप होतो." तो ऐकेना. मागितली तर ताटली द्यायची, पण तोंड वाकडं करून. हॉटेल चारेक वर्षांनी बंद पडलं आणि रॉनी परत बोटीवर गेला. त्याला हा नियम कारण होता असं आमचे हे म्हणतात. असेल. पण त्या नियमापायी जे एकदा घडलं, ते मला ताटात वाढून बघायला मिळालं नसतं.

वैशाली दामले आमची नेहमीची. मीरा रोडलाच राहायची, मालाडला एका कॉल सेंटरात सुपरवायझर होती. एकतीस वर्षांची, सावळी, बोलायला तिखट. तिच्याबरोबर यायचा निलेश पाटील, नवघरचा, आगरी, तिच्याच ऑफिसातला. दोन वर्षं दोघं कोपऱ्यातल्या टेबलावर बसायची. मुलगा देखणा, नम्र, हसरा. वैशाली मागवायची, तो खायचा. "तुला काय हवं?" म्हटलं की, "तू सांग ना." मला भारी कौतुक वाटायचं. आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांत एकदा असं म्हटलं असतं तर मी पेढे वाटले असते.

वैशालीला आई नव्हती. वडील दामलेकाका, जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, शाकाहारी, आणि स्वच्छतेचे असे की घरात त्यांचं पाणी प्यायचं भांडं वेगळं. निलेशला आईवडील दोन्ही नव्हते. लहानपणापासून त्याला वाढवलं ते हौसाआत्यानं. घरचा शब्द तिचाच. लग्नाच्या दोन बैठका झाल्या आणि दोन्ही जेवणावर आपटल्या. दामल्यांकडे वरणभात, बटाट्याची भाजी आणि काकडीची कोशिंबीर झाली, तर आत्या म्हणाली, "घरान कोन आजारी हाय का?" मग नवघरला बैठक. आत्यानं मुद्दाम नव्या भांड्यांत शाकाहारी रांधलं, पण अंगणात सुकट वाळत होती. दामलेकाकांनी फक्त केळं खाल्लं, तेही स्वतः सोलून.

वैशाली माझ्याकडे आली. "काकू, तिसरी बैठक इथे करायची. हे जेवण त्यांच्यातलंही नाही आणि आमच्यातलंही नाही. नाव कुणी कशाला ठेवणार?"

"पोरगी हुशार आहे," रॉनी म्हणाला.

"आणि फिसकटलं तर?" मी विचारलं.

"तर बाबा म्हणतात विषय संपला. आणि निलेश म्हणतो, आत्या नाही म्हणाली तर कठीण आहे." एवढं बोलून तिनं ओढणी चाळवली. तिखट पोरगी, पण त्या दिवशी आवाज बारीक झाला होता. तिला तो मुलगा मनापासून हवा होता.

रविवारी दुपारी चौघं आली. मी पाएला शाकाहारी केला होता. घेवडा, ढोबळी मिरची आणि भरपूर वालाचे दाणे. म्हटलं, आत्याला वाल आपले वाटतील आणि दामल्यांना घेवडा. तापास छान गेले. कोकमाची सांग्रिया आत्याला इतकी आवडली की तिनं भांडंच आपल्यापुढे ओढून घेतलं. मग रॉनी स्वतः परात घेऊन आला, मधोमध ठेवली आणि चार चमचे मांडले.

"ताटल्या?" दामलेकाका म्हणाले.

"याच्यातच खायचा," रॉनी म्हणाला. "सगळ्यांनी."

"एकातच? अहो, उष्टं होतं ते!"

बस. हौसाआत्यानं चमचा खाली ठेवला. "आमचा उष्टा न्हाय चालत तुमाला, सरल बोला ना. फिरवून कशाला बोलताव?"

वैशालीचा रंग उडाला. निलेश टेबलाकडे बघत राहिला. रॉनी स्पेनची परंपरा समजावायला तोंड उघडणार, एवढ्यात मी त्याला कोपरानं ढकलून आत पाठवला आणि पदर खोचून पुढे झाले.

"उष्टं कसलं? प्रत्येकाची हद्द वेगळी आहे," मी म्हटलं. "आपल्या काठापासून मधे यायचं. दुसऱ्याच्या हद्दीत जायचं नाही."

हद्द हा शब्द मी सहज बोलून गेले. पण समोर एक माणूस जन्मभर जमिनी मोजलेला आणि एक बाई जन्मभर जमिनीवरून भांडलेली. दामलेकाका परातीकडे नव्या नजरेनं बघायला लागले. "म्हणजे चार समान भाग," ते म्हणाले आणि चमच्याच्या कडेनं भातावर रेघ ओढायला लागले.

"थांबा," आत्या म्हणाली. "रेघ कुटं ओढता? मदी वालाचा दाना हाय तिथून बांध घ्या. तुमच्याकडं जास्त चालला."

"अहो, मध्यबिंदू इथे आहे."

"मध्यबिंदू तुमी ठरवला. आमच्या शेतावर पन एकदा मोजनीला मानसा आली व्हती. तीन दिस चा पिली नि गेली."

"कुठला गट नंबर?" दामलेकाका ताठ बसले.

झालं! पुढचा अर्धा तास त्या टेबलावर जे चाललं ते मला निम्मं कळलं नाही. बांध, वहिवाट, पोटहिस्सा, बिल्डरला दिलेली जागा, न दिलेली जागा. परातीत चार सुबक तुकडे आखले गेले होते आणि दोघं आपापल्या शेतातून खात खात भांडत होती, हसत होती. आत्यानं दामल्यांना "दामलेभाऊ" म्हटलं. दामल्यांनी पाणी पिताना भांडं कुणाचं ते पाहिलंही नाही. आत स्वयंपाकघरात रॉनी मला मिठी मारायला धावला. मी म्हटलं, हात धू आधी.

आणि मग ते झालं. एवढंसं झालं. मी गल्ल्यापाशी उभी होते म्हणून दिसलं.

वैशालीला खरवड फार आवडायची. दर वेळी वरचा भात संपवून ती तळाची खरवड नीट सोडवून आपल्या बाजूला गोळा करायची आणि सगळ्यात शेवटी खायची. त्या दिवशीही तिनं चांगली मुठीएवढी जमवली होती. तिच्या एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला आत्या, आत्याच्या पलीकडे निलेश. बोलता बोलता आत्याचा चमचा वैशालीच्या हद्दीत गेला, खरवडीचा तो सगळा ढीग उचलला आणि निलेशपुढे ठेवला. "तू काय करशील जलका भात? आमच्या निल्याला आवडतो."

वैशालीनं निलेशकडे पाहिलं. निलेशनं मान खाली घातली आणि खायला लागला. सगळं खाल्लं.

दामलेकाकांना यातलं काही दिसलं नाही. ते म्हणत होते, "मग तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त बघू." आत्या म्हणत होती, "हळद मातर आमच्याकडं वाजवून होनार."

वैशाली हात धुवायच्या निमित्तानं आत गेली. नळ सोडला आणि तशीच उभी राहिली.

"जमलं ना गं!" मी मागोमाग जाऊन म्हटलं.

"काकू, दोन वर्षं मी मागवते आणि तो खातो. मला वाटायचं, माझी आवड जपतो. पण तो फक्त शेजारी जो बसेल त्याचं ऐकतो. आज आत्या बसल्या होत्या."

"अगं, भातासाठी लग्न मोडतेस? सोन्यासारखा मुलगा आहे. मी आणखी खरवड करून देते तुला, पातेलंभर देते!"

"भात नाही हो. मी ते शेवटी खाते हे त्याला माहीत आहे. त्यानं नुसतं 'राहू दे' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मग मला परत दिलं नसतं तरी चाललं असतं." तिचे डोळे भरले होते, पण आवाज परत जागेवर आला होता. मी पुढे होऊन नळ बंद केला.

ती बाहेर गेली, बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "निलेश, मुहूर्त ठरतोय. तुला काही बोलायचंय?"

निलेशनं आत्याकडे पाहिलं.

"माज्याकडं काय बगतंस?" आत्या म्हणाली. "तिनं तुला इचारलाय."

"आत्या म्हणेल तसं," निलेश हसून म्हणाला. त्याला खरंच वाटलं की हे बरोबर उत्तर आहे.

"मग मला आत्याच पसंत आहेत," वैशाली म्हणाली. "निदान हवं ते उचलून तरी घेतात. निलेश, मी हे लग्न करणार नाही."

दामलेकाकांनी तोंड उघडलं, मुलीकडे पाहिलं आणि मिटलं. मला वाटलं, आता आत्या परात उचलून डोक्यात घालते. रॉनीनं तर दारातून दोन पावलं मागे घेतली. पण आत्या परातीकडे बघत बसली. वैशालीच्या बाजूला तळ रिकामा होता, लोखंड दिसत होतं. मग ती निलेशकडे वळली.

"मी घेतला तं घेतला. माजा हात जातो. तू खाल्लास कशाला?"

निलेशनं चमचा परातीच्या कडेला टेकवून ठेवला.

"आता तरी बोल!"

त्याचे कान लालबुंद झाले होते आणि ओठ हलत होते, पण शब्द फुटेना. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. चांगला मुलगा होता तो.

आत्या उठली, टेबलाला वळसा घालून वैशालीजवळ गेली आणि तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "आईबाप न्हवते म्हनून तलहातावर वाढवला गं याला. खायला घातला, शिकवला, हापिसान धाडला. 'न्हाय' बोलायला शिकवाचा ऱ्हायला."

मग तिनं भाच्याला दंडाला धरून उठवलं आणि दोघं पायरी उतरून गेली. दामलेकाका म्हणाले, "घरी जाऊ या का गं?" वैशाली खुर्चीत बसली, मान हलवून नाही म्हणाली आणि मग टेबलावर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागली. भर दुपारी, भरल्या हॉटेलात. मी कुणाला तिकडे बघू दिलं नाही.